कावळ्याचा घास

— नाही, बसा योगराजभाऊजी, चहा टाकलाय. आलाच आहात तर ऐकूनच जा. दहाव्याला तापीकाठी, सासूबाईंच्या पिंडापुढची जिलेबी तुमच्या दादांनी उचलून खाल्ली, कावळा शिवायच्या आधी, साऱ्या भाऊबंदांसमोर — खाल्ली ना? खाल्ली. मी कुठं नाही म्हणते? पण तुम्ही लोकांना काय सांगितलंत? दादा पिऊन आलाय! जन्मात थेंब न घेतलेला माणूस — आणि सख्ख्या भावानं त्याला दारुडा केला! का, तर तुमच्या हर्षदाचा साखरपुडा तोंडावर आलाय, घरात डोक्याचा आजार आहे म्हटलं तर सोयरीक मोडेल. दारुडा चालतो! वा रे वा! अहो, डॉक्टर तुमच्यासमोरच बोलले ना — मेंदूचा पुढचा भाग सुकत चाललाय, बावन्नाव्या वर्षीही होतं असं, हा विसरण्याचा नाही, वागण्याचा आजार आहे? नाव, गाव, सगळं आठवतं त्यांना. लाज, माया, दुसऱ्याचं दुःख — ते आधी गेलं. म्हणून तर उधन्याच्या लूम-कारखान्यात, ह्यांच्या कामावर, कारागिराचं बोट लूममध्ये सापडलं तेव्हा हे हसले, नि शेठनं घरी बसवलं. तेव्हाही सगळे म्हणाले, माजलाय.

आणि खरं सांगू? मीच देवाला म्हणते, दारू असती तर बरं झालं असतं — दारुड्याची सकाळी उतरते तरी! मागच्या महिन्यात उकळतं तेल सांडलं हातावर, हे बघा, डाग — किंचाळले मी. हे दारात आले, हाताकडे बघितलं, म्हणाले, भजी झाली का? मला साधा ताप आला तर रात्रपाळी सोडून उशाशी बसायचा हा माणूस, भाऊजी — नाही, रडत नाहीये मी. रडायला वेळ कुणाला आहे?

तर तेराव्याला कर्त्याची पगडी ह्यांच्याच डोक्यावर बसेल. थोरले तेच आहेत. आणि तुम्ही उभं राहून सांगायचं, माझा दादा आजारी आहे. एवढंच. — खाली काय बघता? सांगाल ना? — नाही? — बरं. घ्या, चहा तरी — अगंबाई, कप कुठाय? अहो, तुम्ही कधी आलात आत? तो भाऊजींचा होता — पिऊनही झाला? असू द्या.

दुसरा नाही टाकणार मी, भाऊजी. निघा.