अर्जुनरावांच्या जीपचा एसी

चाकणच्या गॅरेजात स्वरूपाच्या गाडीत एसीचा गॅस भरणं चाललं होतं. तिचे डोळे मोबाइलवर होते, कान मात्र जुन्या जीपचे मालक अर्जुनराव आणि मिस्त्री यांच्या बोलण्याकडे.

“अण्णा, एसीसाठी दारं-काचा बसवून आठवडा नाही झाला, अन् आता काढ म्हणताय?”

“काढ. काचा लावून गावातनं दोन फेऱ्या मारल्या, एकानं रामराम केला न्हाई.”

“आत कोण बसलंय ते दिसलं नसेल.”

“तेच म्हणतोय मी. निवडणूक तोंडावर हाय.”

“मग एसी पण काढू?”

“येडा का काय? त्यो ऱ्हाऊ दे.”

“सगळा गारवा रस्त्यावर जाईल, अण्णा.”

“जाऊ दे की. रामराम करायला जवळ येणाऱ्याला कळाय नको व्हय, आपल्या जीपला एसी हाय म्हणून?”