बाईंचे चौदा सेकंद

—हो हो, वाचला तुमचा मेसेज, दोनदा वाचला. ‘पडद्यामागचे हिरो’ या मालिकेत आपलं स्वागत करायला आवडेल! हिरो! अहो, मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही ठेवायची, नट अडला की पुढचा शब्द हळूच द्यायचा—सव्वीस वर्षं तेच केलं. यात हिरो कुठून आला? श्रद्धा ना तुमचं नाव? तर श्रद्धाताई, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हलतो. इकडे या. आणि तो फोन उपडा ठेवा. प्राथमिक गप्पा म्हणालात ना, मग रेकॉर्डिंग कशाला? गप्पांतसुद्धा प्राथमिक आणि माध्यमिक असतं हे मला नारायण पेठेत चौऱ्याहत्तर वर्षं राहून कळलं नव्हतं, तुम्ही धायरीहून येऊन सांगितलंत, आभारी आहे.

मी तुमचं ते पॉडकास्ट ऐकत नाही. वेळ नाही मला. तो तुमचा तेजस—तो मुलाखत घेतो की समोरच्याला ओवाळतो? पाहुणा नुसता खोकला तरी “क्या बात है!” मागे ती विटांची भिंत—कागद आहे ना तो? अठराव्या भागात उजवा कोपरा सुटलेला दिसतो, जरा डिंक लावा. आणि प्रश्न काय, तर कोणीही येवो—लेखक येवो, गायिका येवो, चित्रकार येवो—“तुमचा स्ट्रगल सांगा.” ते कादंबरीकार आले होते एकतिसाव्या भागात, त्यांनी बिचाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, मला काही स्ट्रगल नव्हता, वडील बँकेत होते, घरी सगळं व्यवस्थित होतं—तर तेजसचं तोंड असं उतरलं, जणू पंगतीत याच्यापर्यंत येईतो जिलबी संपली. मग खोदून खोदून त्यांच्याकडून एक टायफॉईड काढलात. टायफॉईड! सातवीतला! आणि त्याची रील केलीत, वर मोठ्या अक्षरांत—‘मरणाच्या दारातून लेखनाकडे’. लाज नाही वाटत? ...काय? सगळे भाग? छे हो. येता-जाता कानावर पडतं. आणि आहेत किती, त्रेचाळीसच तर आहेत.

बरं, कामाचं बोलू. सत्यशीलाबाईंचा भाग. एक्याऐंशी वर्षांच्या बाई, आयुष्यभर रंगभूमी गाजवलेली, आणि तिला तुमच्या त्या लोंबत्या माईकसमोर बसवलंत—बसवलंत ते बसवलंत. मी त्याखाली चार ओळी लिहिल्या, तेव्हा तेजसने त्यावर लाल बदाम ठेवला आणि उत्तर दिलं, “आपल्यासारख्या रसिकांमुळेच आम्ही आहोत!” अहो, शिव्या घातल्या होत्या मी! शुद्ध मराठीत घातल्या म्हणून त्याला स्तुती वाटली. मी काय लिहिलं होतं? तेजस विचारतो, “इतक्या वर्षांत रंगमंचावर तुम्हाला सर्वांत जास्त कोणी सांभाळलं?”—चला, त्रेचाळीस भागांत एक तरी बरा प्रश्न—तेव्हा बाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर आहे. आणि लगेच पुढच्या क्षणी हात मांडीवर, आणि बाई म्हणतायत, “खूप माणसं आहेत हो.” हात काय उडत गेला? मधलं कुठे गेलं? तर तुम्ही फोनवर मला सांगता, आजोबा, ते मशीनच कापतं. जिथे कोणी बोलत नाही, तिथे आपोआप कात्री. नाहीतर लोक कंटाळून दुसरीकडे जातात. जाऊ द्या की! ज्याला दोन श्वास थांबता येत नाही त्याने मंडईत जावं, तिथे कोणी गप्प नसतं.

तुम्हाला कळतंय का काय कापलंत? बाईंचा पॉज कापलात. तिसऱ्या अंकात हातात पत्र घेऊन बाई नऊ सेकंद नुसत्या उभ्या राहायच्या. नऊ! सातशे माणसं खोकायची विसरायची. माझ्या आधी जो प्रॉम्प्टर होता, त्याला पहिल्या प्रयोगात वाटलं बाई विसरल्या, आणि त्याने विंगेतून वाक्य दिलं—झालं, दुसऱ्या दिवशी तो घरी आणि त्याच्या स्टुलावर मी. त्या दिवशी मी ओठ दाबून बसलो. प्रयोग संपल्यावर बाई विंगेत आल्या, म्हणाल्या, “बेहेरे, तुम्हाला गप्प बसता येतं.” एवढंच म्हणाल्या. मला ते सव्वीस वर्षं पुरलं. हेमा—माझी बायको, ती गेली आता—ती म्हणायची, त्या बाईंचा श्वास कुठे अडकतो ते तुम्हाला बरोबर कळतं, मला आठ दिवस ताप आहे ते कळत नाही. बोलायची आपली. डोळे मोठे करू नका, तसलं काही नव्हतं, आणि याची रील नाही व्हायची.

ती माझं नाव घेणार होती. काय हसताय? मला माहितीये. मोठं वाक्य यायचं असलं की ती आधी थांबते—त्या थांबतात. थांबल्या असणार, मग नाव घेतलं असणार, हळू, अगदी खालच्या पट्टीत, आणि तुमच्या त्या बहिऱ्या मशीनला तेही शांतच वाटलं असणार. सव्वीस वर्षांत, अहो, कधी कोणी तिला हा प्रश्न विचारला नाही. आता विचारला आणि उत्तर कात्रीत गेलं. तीन आठवडे मला चैन नाहीये. म्हणून म्हटलं, न कापलेलं घेऊन या, ते परत जोडा, मग मी खुशाल येतो तुमच्या कागदी विटांसमोर. आणलंय ना? उघडा तो लॅपटॉप.

हं. आवाज वाढवा... हा, हाच प्रश्न. हात बघा, दांड्यावर आहे—म्हटलं नव्हतं? आता बघा, थांबली. काय थांबलीये! तेजसची चुळबुळ बघा, त्याला घाम फुटला... शू, बोलू नका... अजून... थांबा. मागे घ्या जरा. तिथून. ती कुठे बघतेय? डावीकडे काय आहे तिथे? दिव्याचा स्टँड? माणूस कोणी नाही? नक्की? ...नाही, पॉज घेताना ती समोर बघते. मान म्हणून हलत नाही तिची. डावीकडे—डाव्या विंगेत मी बसायचो. अडली, की नजर तेवढी डावीकडे यायची, आणि मी शब्द द्यायचो... अहो, ती अडलीये. हा पॉज नाहीये. तिला नाव आठवत नाहीये, ती शोधतेय, बघा, परत बघतेय डावीकडे—श्याम. श्याम बेहेरे... काही नाही. काही नाही म्हटलं मी. चालू राहू द्या. “खूप माणसं आहेत हो.” सावरलंन! बघितलंत कसं सावरलंन? हसून, हात मांडीवर घेऊन. तुमच्या तेजसला पत्ताही नाही.

किती होतं ते? चौदा सेकंद. हं.

काय, परत जोडता? कोणी सांगितलं जोडायला? मी? ते मघाशी. काही जोडायचं नाही. तुमच्या मशीनने आयुष्यात एक चांगलं काम केलंय, ते तसंच राहू द्या. मी ओळखून आहे तुम्हाला—उद्या याचे तुकडे कराल, खाली बासरी लावाल, वर लिहाल ‘विस्मरणाशी झुंज’, आणि लाखभर माणसं चहा पिता पिता बदाम ठेवतील. तिला अडलेलं कोणी बघितलेलं नाही. सहाशे अकरा प्रयोगांत एकानेही नाही. मी सोडून कोणी बघायचं नाही. पुसा ते. इथे, माझ्यासमोर पुसा. आणि स्टुडिओतलं? तेजसला लावा फोन. लावा म्हणतो ना... काय म्हणतो तो? त्याला सांगा, म्हातारा पाया पडतो म्हणावं... पुसलं? नीट विचारा, सगळीकडून? ...बरं.

नाही, मी येणार नाही तुमच्याकडे. हो, कबूल केलं होतं. आता नाही म्हणतोय. चहा टाकलेला नाही मी, बसून राहू नका, उठा. तो लॅपटॉप घ्या. दार ओढून घ्या जाताना.