हाडांचं वज्र

"आई, बाबांच्या राखेचा हिरा करून मिळतो इथे," माझा प्रशांत मलाच समजावत होता, आणि मी ओरडत होते की माझ्या नवऱ्याचा दागिना व्हायचा नाही. इथे अमेरिकेत, फ्रीमाँटला, हे वारले त्याला नऊ दिवस झाले होते, बघा. अस्थी गोदावरीत सोडायला भारतात जायचं, तर ह्याला व्हिसाची भीती, परत येऊ दिलं नाही तर.

"लहानपणी तूच सांगायचीस ना," तो म्हणाला, "दधीची ऋषींच्या हाडांचं वज्र झालं, कधीच न मोडणारं? वज्र म्हणजे हिरासुद्धा. बाबा कायम आपल्याजवळ राहतील."

मी शाळा चौथीपर्यंतच शिकले, पण शब्दकोश पानन् पान वाचलाय. आणि हा मला शब्दाचा अर्थ शिकवतो! ह्यांनी शेवटचे चार महिने गॅरेजशेजारच्या खोलीत अंथरुणावर काढले. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की दाराकडे बघत राहायचे, आणि हा थेट जिना चढून वर लॅपटॉप उघडायचा.

म्हटलं, "अरे, दधीचींची हाडं मागायला देव स्वतः त्यांच्या दारात गेले होते, तू बापाच्या खोलीत शेवटचा कधी गेला होतास?"