उभं विमान

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते. माझे डोळे अधू झालेत, कान नाहीत. शेजारी बाप आणि त्याची तरुण लेक हळू आवाजात भांडत होते, म्हणजे मला नीट ऐकू येईल एवढ्या हळू.

“विमान विकतोय मी. उद्या गिऱ्हाईक येतंय. तुला पायलट व्हायचंय, पैसा लागेल.”

“दोन माणसांचं जुनं विमान, बाबा. त्याच्या पैशात माझं अर्धंही शिक्षण व्हायचं नाही.”

“ठेवून तरी काय? शेडचं भाडं, विमा, वर्षाची तपासणी. हत्ती परवडला, तो निदान गवतावर भागवतो.”

“घेताना आई हेच म्हणाली, तेव्हा ऐकलंत?”

“तेव्हा मला दिसत होतं गं. आता डॉक्टर उडवू देत नाहीत. उभ्या इंजिनाला गंज चढतो.”

“मग उभं कशाला? उड्डाणशाळेला भाड्यानं देऊ. खर्च त्यांचा, आणि मी त्याच्यावरच शिकेन. तिथले मास्तर तयार आहेत.”

“परकी पोरं धावपट्टीवर आपटतील त्याला!”

“तुम्ही नव्हतं आपटलं?”

एवढ्यात माझा नंबर पुकारला. मागच्या बाईला म्हटलं, जा तुम्ही, मला घाई नाही.

“गिऱ्हाइकाला काय सांगायचं, बाबा?”

तोच नर्सबाईंनी विचारलं, “पायलटच्या तपासणीला कोण आलंय?”

बाप सवयीनं उठला. मग बसला, आणि लेकीची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

“जा, तुला बोलावलंय. गिऱ्हाइकाला मी कळवतो.”

“काय?”

“विमान कामाला लागलं म्हणून.”