पाण्याला तास लागतो

...पण चाक दिसलं की फिरवायचंच, ही हौस लोकांना लावली कुणी, मला सांगा. तुम्हाला सांगतो, चौऱ्याहत्तर सालापासून मी आमच्या पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी. पंचगंगेचं पाणी मोटरीनं वर हौदात, हौदातून पाटात, पाटाच्या तोंडाला लोखंडी दार, दारावर चाक आणि चाकाजवळ मी. शेवटचं शेत हंबीररावाचं, दोन मैलांवर. तिथवर पाण्याला तास लागतो, त्याला काय सायकल आहे?

सायकल हंबीररावाला आहे. सकाळी आला घंटी वाजवत, "केरबा, झोपलाईस व्हय? सऱ्या कोरड्या हायत तिकडं." मी दार पाव फेरा उचललं, वहीत लिहिलं, सात वाजून दहा मिनिटं, पाव फेरा. म्हटलं, थांबा आता, पाण्याला तास लागतो. तो थांबतोय कुठला... शेतावर गेला, पाणी तेवढंच, आला परत, "पाव फेऱ्यानं काय हुतंय?" आणि स्वतःच चार फेरे गरागरा. तासानं ते सगळं पोचलं की, त्याच्या अलीकडच्या शेतातल्या शालूबाईचा बांध फुटला, भुईमूग पाण्यात. ती आली पदर खोचून, "मुडद्या, नदी सोडलीस का काय?" आणि तिनं दार पार मिटून टाकलं. तासानं हंबीररावाकडं पाट आटून नुसता चिखल. पुन्हा घंटी. दिवसभर हेच, पाट कसला, झोपाळाच तो... आणि मी तोंड उघडलं की भांडण सोडून दोघं मलाच शिव्या देणार.

चेअरमन गणपतरावांनी बोलावून सांगितलं, "आजपासनं चौथ्या शनवारी कमिटी येतीया. दिवसभर पाणी एकसारखं चालवून दाखव, न्हाईतर घरी बस." घरी बसून खाऊ काय? मला गुंठाभर रान नाही.

मग मी शेवटाला पट्टी रोवली, तीन आठवडे दर दहा मिनिटांना उंची लिहिली, वही भरली. कळलं एवढंच, की आत्ता दिसतंय ते तासापूर्वीचं आहे, त्याच्यामागं धावायचं नाही. थोडं फिरवायचं आणि घड्याळ बघायचं, कारण पाण्याला तास लागतो. शनिवारी पहाटे पाव फेरा दिला, चाक काढलं आणि त्याच्यावरच बसलो. हंबीरराव आला, शालूबाई आली, मी उठलो नाही. दुपारी चाक लावून आणखी पाव फेरा, काढून परत बसलो. संध्याकाळपर्यंत पट्टीवर पाणी अर्धं बोट हललं नाही.

कमिटी आली. गणपतराव पट्टीकडं बघतात, माझ्याकडं बघतात.

"सकाळधरनं काय केलंस?"

"दोनदा पाव फेरा."

"आणि मधल्या टायमाला?"

"थांबलो."

"म्हंजे बसलास." मग कमिटीकडं वळून, "पाणी आपलं आपण चालतंय की वो. पाटकरी कशाला पायजे?"

वही पुढं केली. कुणी उघडलीसुद्धा नाही.

महिनाभर चाक वाऱ्यावर, मग हंबीररावाचा मेहुणा ठेवला, आकाराम. चाकावरचा हात काढत नाही, घामानं निथळतो, पाट दोनदा फुटला, दोनदा त्यानंच बुजवला. लोक म्हणतात, माणूस राबतोय. परवा संस्थेनं त्याचा सत्कार ठेवला आणि फेटा चांगला बांधतो म्हणून बोलावलं कुणाला, तर मला. गेलो. म्हटलं, आकाराम, दोन मिनिटं डोकं हलवू नका.

तेवढंही त्याला जमलं नाही.