काकूंना न पटलेला कॅप्टन

नाटकातला नट बदलला म्हणून तुम्ही नुसते कुरकुरताय? आमच्या जोशीकाकूंनी तर रेडिओच बंद केला होता!

स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षं झाली असतील. मुलुंडच्या आमच्या चाळीत रेडिओ एकच, काकूंचा. दर रविवारी मंगळावर गेलेल्या कॅप्टनचं नाटक लागायचं आणि अख्खी चाळ त्यांच्या खोलीत. एका रविवारी कॅप्टन घरी परतला, तो वेगळ्याच आवाजात. त्याची बायको मात्र लाडात म्हणाली, "अहो, आलात?"

काकूंनी खटकन बटण फिरवलं. "हा तो नव्हे!"

काका म्हणाले, "अगं, नट बदललाय."

"ते मला कळतंय. बायकोला कळायला नको? परक्या पुरुषाला 'अहो' म्हणते मेली!"

आमची वाट लागली. पुढच्या रविवारी सगळ्यांनी हातापाया पडून रेडिओ लावून घेतला. कॅप्टनने बायकोला हाक मारली, तर "आले हं" म्हणाली ती भलतीच बाई! तिचाही आवाज बदललेला. आता रेडिओ खिडकीतून बाहेर जाणार, म्हणून आम्ही काकूंकडे बघत राहिलो.

काकूंनी आवाज मोठा केला. "हं. कळलं तिला. गेली माहेरी."