बिरोबाचा भंडारा

हळद उडताना दिसली की मी अजून मनानं सोलापूरच्या कोर्टात जातो बघा. तीस सालाच्या आसपास मी तिथं कारकून होतो. भवानी पेठेत गल्लीत ताणलेलं सूत मेंढरांनी तुडवलं, असा एका तेलुगू विणकराचा दावा होता. मंद्रूपचा धनगर शपथेवर म्हणाला, "माजी मेंढरं तितं गेलीच न्हाईत."

विणकर म्हणाला, "तुझ्या बिरोबाचा भंडारा उचलून हेच म्हण. मी दावा सोडतो."

मुसलमान मुन्सफांनी होकारार्थी मान हलवली. धनगरानं कमरेची पिशवी सोडून मुठीत हळद घेतली. खिडकीतल्या उन्हात पिवळी धूळ तरंगत राहिली.

"गेली हुती, सायेब."

"मग मघाशी शपथेवर खोटं बोललास?"

"ती शपत सरकारची हुती की. ही माजी हाय."